डाव्या खांद्यावरचा थेंब

मी बोलतेय. हो, मीच, केखेल्यांच्या आवारातली ती बुटकी हिरवी स्पोर्ट्स कार. दोघांपुरती जागा, वर कापडी छत, आणि नाक जमिनीच्या इतकं जवळ की गल्लीतली मांजरं माझ्याशी बरोबरीच्या नात्याने वागतात. तरुणपणी मला माझ्या रूपाचा फार तोरा होता. आता तो उतरलाय, पण मनात एक सल आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा पहिला मालक दंतवैद्य होता. लोकांचे दात जपणाऱ्या त्या माणसाने मला मात्र हिवाळाभर बर्फात उघड्यावर ठेवलं. माझं छत जागोजागी फाटलं, तसं त्याने मला विकून टाकलं. जर्मनीत नेकार नदीकाठच्या या लहानशा गावात मला घेऊन आला तो एबरहार्ड केखेले. तो लेथवर काम करायचा आणि त्याची बायको रोझविथा सोफ्याच्या कारखान्यात शिवणकाम करायची.

मला बघून तिने कपाळाला हात लावला. "अरे एबर, गाडी आणलीस की गळकी छत्री?"

"छत नवीन टाकू की. कंपनीकडून मागवतो."

"काही मागवू नकोस. एवढे सोफे शिवणाऱ्या बाईला एक छत जमणार नाही होय?"

तो सगळा हिवाळा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मशीन मांडून माझं छत शिवत होती. दोरा डाळिंबी रंगाचा होता, कारण सोफ्याच्या कामातून तेवढंच एक रीळ उरलं होतं. पण चालवणाऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडे डाव्या बाजूच्या, खिडकीवर कापड जरासं कमी पडलं. तिथे तिने ठिगळ जोडलं आणि नेमकं तिथेच छत गळायला लागलं. फार नाही. पाऊस आला की एक एक थेंब एबरच्या डाव्या खांद्यावर पडायचा.

"रोझी, गळतंय गं."

"गळू दे. मी बसते या बाजूला, तुझ्या त्या खांद्यापर्यंत माझा हात पोचत नाही. म्हणून तेवढी सोय करून ठेवलीय."

तो हसला आणि त्याने ते ठिगळ कधीच दुरुस्त करू दिलं नाही.

आमच्याकडे शनिवार म्हणजे झाडलोटीचा दिवस. दुपारी सगळी गल्ली झाडू आणि बादल्या घेऊन बाहेर पडते, कारण रविवारी कुणी गाडीवर पाणी ओतलं तर शेजारी आठवडाभर नाक मुरडतात. एबर लोकरी हातमोजा घालून माझं अंग धुवायचा. छताला मात्र त्याने हात लावायचा नाही. ते रोझविथाचं काम. मऊ ब्रशने ती हळूहळू एकाच दिशेने धूळ काढायची.

"केस विंचरतेस की काय तिचे?"

"मग काय करू? तुझे विंचरायला उरलेत कुठे?"

लाड मलाही कळतात. त्या शनिवारांइतकी मी पुन्हा कधी सुखी झाले नाही.

मग रोझविथा आजारी पडली, आणि एके दिवशी एबर इस्पितळातून घरी एकटाच आला. पुढच्या शनिवारी त्याने मला धुतलं. छत शेवटी, तिच्या ब्रशने, ती करायची तसं.  

काही महिन्यांनी शेजारचे फ्लायडरर कुंपणाशी येऊन घुटमळले. "केखेले, वाईट वाटून घेऊ नका. पण घरच्या आवारात गाडी धुवायला आता बंदी आहे. फेस जमिनीत मुरतो, पाणी खराब होतं."

"नियम आहे?"

"नगरपालिकेचा."

संपलं. रस्ता ओस पडलेला असला तरी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होईपर्यंत पाऊल न टाकणारा माणूस हा. त्याने बादली घरात नेऊन रिकामी केली आणि हातमोजा खुंटीला टांगला.

"गाड्या धुण्याच्या यंत्रात न्या की," फ्लायडरर म्हणाले.

"ही नाही जायची यंत्रात," एवढंच बोलून एबर घरात गेला. का ते त्याने सांगितलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर!

दारातल्या लिंडनच्या झाडाचा चिकटा माझ्यावर साचत गेला. त्यावर धूळ बसली, पाखरांनीही आपला वाटा उचलला. मला स्वतःची लाज वाटायला लागली.

रोझविथाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्या दोघांची लेक अनेग्रेट हॅम्बुर्गहून आली. वर्षाचा दिवस रविवारी होता. आदल्या दिवशी एबर माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "उद्या दफनभूमीत तिच्याच गाडीतून जायचं मनात होतं. पण ही अशी मळकी घेऊन कसा जाऊ तिच्यापुढे? आज इथे धुता येत नाही, उद्या तर प्रश्नच नाही. जाऊ दे, बसने जाऊ." आणि तो फुलं आणायला गेला.

पोरगी गुणाची. बापाला खूश करावं म्हणून किल्ली घेऊन तिने मला थेट यंत्राच्या दारात नेलं. तिने विचारलंसुद्धा, "अहो, स्पोर्ट्स गाडीला चालतं ना हे? नाक फार खाली आहे."

यंत्रावरचा निळ्या कपड्यातला माणूस प्रामाणिक होता. त्याने वाकून नीट पाहिलं. "नाक जाईल. ब्रश कापडी आहेत, रंगालाही काही होणार नाही. छत कंपनीचंच आहे ना?"

"असेलच की."

तिची तरी काय चूक? तिच्या जन्माच्या आधीपासून माझ्या डोक्यावर हेच छत. त्यात ही दोघांची गाडी, पावसात तिसरीला आत जागा कुठली, आणि तो थेंब तिला कळणार कसा!

चाकं यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर अडकली. साबण आला, पाण्याचे फवारे आले, मग ते मोठाले ब्रश गरगरत आले. मला ओरडायचं होतं. मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो. ब्रश त्या ठिगळाच्या कडेत शिरला, शिवण टरकन उसवली, आणि अनेग्रेटच्या डाव्या खांद्यावर भडभडून पाणी कोसळलं.

ती किंचाळली. वर पाहिलं तर फाटक्या कडेतून डाळिंबी दोरा लोंबत होता, दुहेरी टाक्यांचा. तिच्या शाळेच्या दप्तरालाही तोच दोरा आणि तेच टाके होते.

"आई," ती म्हणाली. यंत्र आपलं काम करत राहिलं.

आम्ही परत आलो, तेव्हा एबर फुलं घेऊन फाटकात उभा होता.

"पप्पा, मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं."

"तुला लागलं नाही ना?" त्याने आधी हेच विचारलं. मग उसवलेल्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "मीच बोललो नाही. दोघांचं गुपित होतं, म्हटलं राहू दे आपल्यापाशी."

अनेग्रेटने आईची मशीन काढली. पण कापड इतकं जुनं झालं होतं की सुई जिथे शिरेल तिथे नवं भोक पडायचं. तिसऱ्या टाक्याला एबरने तिचा हात धरला. "पुरे, पोरी. आहे तेवढं तरी राहू दे." छत घडी घालून रोझविथाच्या कपाटात गेलं.

आता माझ्या डोक्यावर कंपनीचं छत आहे. भारी, घट्ट, दिसायला झकास. अंगावर ब्रशांचे बारीक ओरखडे राहिलेत, ते उन्हात दिसतात. त्यांचं मला काही नाही. यंत्राला नावं ठेवायचीही माझी इच्छा नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला आत ढकलण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना जरा विचारा, हिच्यावर कुणाचा हात फिरलाय म्हणून. आणि थोरांनो, तुम्हीही वेळेवर बोला.

परवा जोराचा पाऊस आला. रोझविथा गेल्यापासून पावसात मला बाहेर न काढणारा एबर कोट चढवून आला आणि मला दफनभूमीच्या भिंतीशी घेऊन गेला. त्याने इंजिन बंद केलं. वर पाऊस वाजत होता. तो मान थोडी कलती करून, डावा खांदा पुढे करून बसला होता. बराच वेळ बसला. मग त्याने उजवा हात नेऊन तो खांदा चाचपला. कोरडा होता.

"रोझी," तो म्हणाला, "हे गळतच नाही गं."