मिठाची पुडी

बिशायकाकांनी कणीक मळून ओल्या फडक्याखाली झाकली, हात पुसले, आणि तेव्हा कुठे त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पिशवीकडे गेलं. पिशवीतून मिठाची पुडी डोकावत होती आणि पुडीचं तोंड फाटलेलं होतं.

वेदीवर चढणारी भाकर अळणी असते. पीठ, पाणी आणि खमीर, बस्स. आमच्या गावच्या ख्रिस्ती देवळामागच्या या भट्टीत काका एकोणचाळीस वर्षं ती भाकर भाजत आले. तोंडात पाण्याचा थेंबही न घेता आणि स्तोत्रं म्हणत. पण गेल्या वर्षी काकू गेल्या, आणि घरची भाकरीही काकांच्याच गळ्यात पडली. घरच्या पिठात मीठ लागतंच. मग ही पुडी काल घरी फाडली, की आज इथे? डोकं खाजवून खाजवून काकांना काही आठवेना.

आणि आज चूक होऊन चालणार नव्हतं. महिन्यापूर्वी ते भाकरींवर क्रुसाचा ठसा मारायलाच विसरले होते. वर लक्षात आलं तरी तोंड मिटून टोपली तशीच आत पाठवली होती. अबूना शारोबीम म्हणजे आमचे धर्मगुरू. त्यांनी ती ऐन वेळी पाहिली. "काका," ते म्हणाले, "पुन्हा असं झालं तर भट्टी तुमचा पुतण्या मलाक बघेल. तुम्ही आता आराम करा."

आराम म्हणे. काकू नाहीत, पोरं कैरोला. भट्टी गेली तर त्या माणसाने दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं का?

चाखून बघा म्हणाल, तर मेख तिथेच आहे. आमचा मोठा उपास चालू होता. दुपारची मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी उपासना, होईपर्यंत काकांच्याच काय, देवळात येणाऱ्या कुणाच्याच तोंडात कण जाणार नव्हता. समोर दुकानात हाजी रिफाई होते. एरवी न बोलावता येऊन काहीही चाखतील, पण नेमका रमजान. त्यांचाही रोजा. अख्ख्या गावात एक उघडं तोंड मिळेना.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेर कुणीतरी नाक शिंकरलं.

ती इंगविल्ड. नॉर्वेहून आलेल्या विद्यार्थ्यांतली, तीन आठवडे अबूनांच्या घरी राहिलेली. पूर्वी वाळवंटातले संत मनातल्या मनात अखंड प्रार्थना कशी करत, हे शिकायला आली होती. भट्टीत बायकांनी येऊ नये अशी रीत, म्हणून रोज उंबऱ्याबाहेर वही घेऊन बसायची आणि विचारायची, "काका, प्रार्थना हृदयात कशी उतरते?" काका म्हणायचे, "पोरी, मला पीठ कसं फुगतं ते विचार." उद्या ती जाणार होती.

"रडतेस का गं?"

"काही नाही, काका. तीन आठवडे सगळं बाहेरूनच बघितलं. इथे उंबऱ्याबाहेर, मिस्सेत मागच्या बाकावर. वेदीवरच्या भाकरीचा ख्रिस्तप्रसाद मला चालत नाही, मी तुमच्यातली नाही. वही भरली, पण आत काही गेलं नाही."

काकांना एरवी वाईट वाटलं असतं. आज त्यांचे डोळे चमकले. "तू सकाळी जेवलीस?"

तिने मान खाली घातली. "वालांची वाटीभर उसळ. मग आणखी एक वाटी. तुम्ही सगळे उपाशी आणि मी..."

"देवाची कृपा," काका म्हणाले. कणकेचा एक गोळा तोडून त्यांनी उंबऱ्यापलीकडे धरला. "हे खा. आणि खरं सांग."

तिने तो बराच वेळ चघळला. "मीठ आहे, काका."

"नक्की?"

"थोडं आहे. पण आहे." ती हळूच म्हणाली, "मी कुणाला नाही सांगणार."

"तू नाही गं सांगणार. पण मला कळलंय ना आता."

काका उठले. भट्टीपासून देवळापर्यंत वीस पावलं, पण काकांना ती जड गेली. अबूना स्तोत्रं म्हणत होते. काकांनी त्यांना बाजूला घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. "पुन्हा मळतो. दोन तास लागतील. मग भट्टीची किल्ली मलाकला देतो."

"आधी मळा," अबूना म्हणाले.

मिस्सा एकची तीनला गेली. अंगणात बायका कुरकुरल्या, "बिशाय, आमची आतडी बोलायला लागली बघ." काकांनी पुडी इंगविल्डच्या हातात कोंबली. "ही घट्ट धर. मी मागितली तरी देऊ नकोस."

ती दोन्ही हातांत पुडी धरून बसली. वही मिटलेलीच राहिली. आत काका मळताना म्हणत होते, "प्रभू, दया कर." थोड्या वेळाने बाहेरूनही तेच शब्द यायला लागले, अगदी हळू. काकांनी मागे वळून पाहिलं नाही.

मिस्सा झाली. अबूनांनी दारात उभं राहून उरलेल्या भाकरींचे आशीर्वादाचे तुकडे वाटले. ते सगळ्यांना मिळतात, आतल्यांना आणि बाहेरच्यांनाही. इंगविल्डला तिचा मिळाला. काका शेवटी आले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

"ठेवा ती," अबूना म्हणाले. "गेल्या वेळी तुम्ही लपवलंत म्हणून मी चिडलो होतो, विसरलात म्हणून नव्हे. उद्यापासून मलाक पीठ मोजेल, मळाल तुम्हीच. आणि मीठ घरी ठेवा."

काकांनी अबूनांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि डोळे बाहीला पुसले.

खारट कणीक काही वाया गेली नाही. काकांनी तिच्या साध्या भाकरी भाजल्या आणि सूर्य बुडताच समोर नेल्या. हाजी रिफाईंनी खजूर खाऊन रोजा सोडला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"बिशाय, तुझी देवळातली भाकर मी तोंडदेखली चांगली म्हणतो. ही मात्र खरंच चांगली झालीय."

इंगविल्ड हसत सुटली. मग गंभीर होऊन म्हणाली, "काका, तुमचे आभार कसे मानू?"

"वेडी का काय तू?" काकांनी आपल्या हातातली अर्धी भाकर तिला दिली. "अख्खं गाव उपासाच्या आत होतं, पोरी. तू बाहेर होतीस म्हणून माझी भट्टी वाचली. आभार मी मानायचे. खा, गरम आहे तोवर."