बिनमायेचा ब्लाऊज

सकाळची मासोळी तोलून संपली तरी केवळराम काटा लगेच धूत नसे. गिऱ्हाइकं आपापली पातेली घेऊन निघून जायची, मांजरं अंगणभर घुटमळत राहायची, आणि मग स्वयंपाकघरातून गोकुळाचा आवाज यायचा, "डिंपल, ये व. काटा खाली झाला."

डिंपल शिलाई मशीनवरून उठायची. चपला काढायची, ओढणी काढून खुंटीला अडकवायची, कारण ओढणीचंही वजन भरतं असं आईचं म्हणणं होतं, आणि खवल्यांनी चिकट झालेल्या त्या पत्र्यावर उभी राहायची. लाल आकडे थरथरून थांबायचे. केवळराम तेवढ्या वेळापुरता पाठ फिरवून जाळ्याची गाठ सोडवत बसायचा.

"कालच्यापेक्षा जराकच उतरली," गोकुळा म्हणायची. "आजपासून चहा बंद."

कुरखेड्याजवळच्या बोडीटोल्यात केवळरामचा हात सैल म्हणून प्रसिद्ध होता. किलोभर मासोळी मागणाऱ्याच्या पातेल्यात तो वरून एक मासोळी टाकायचाच. माप झुकलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाचं मन भरत नाही, असं तो म्हणे. अनोळखी माणसालाही झुकतं माप देणाऱ्या या बापाच्या अंगणात त्याची स्वतःची लेक मात्र आकडा खाली यावा म्हणून श्वास रोखून उभी राहत होती.

डिंपल जाड होती. हे सरळच सांगायला हवं, कारण तिच्या घरी ते कोणी सरळ सांगत नसे. "तब्येतीनं हाये," "खात्यापित्या घरची हाये," असं म्हणायचं आणि त्याच तोंडानं तिला काट्यावर बोलवायचं. लहानपणापासून ती तशीच होती. धानाची रोवणी असो, बोडीतून, म्हणजे गावच्या तळ्यातून, जाळं ओढणं असो, ती कशात मागे नव्हती. पण तिची खरी हुशारी तिच्या मशीनवर होती.

तिच्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बहुतेक बायका तिच्यासारख्याच अंगानं भरलेल्या असत. कोणी अंगणवाडीतली, कोणी शाळेतली, कोणी मुलचेऱ्याकडून माहेरी आलेली. बाजारातल्या तयार कपड्यांच्या दुकानात त्यांना पाहूनच मालक म्हणायचा, "तुमच्या मापाचं नाई, बाई." काळा रंग घ्या, उभ्या रेघा घ्या, अंग झाका, हेच त्यांनी जन्मभर ऐकलेलं. डिंपल त्यांच्यापुढे पिवळं, गुलाबी, मोठ्या फुलांचं कापड टाकायची. "जाड बाईनं काळाच घालावा असं कोनं सांगतलं? तुमाले काय रोज मयतीले जायचं हाये?" ती हसत म्हणायची आणि त्या बायका आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या.

आणि ती माया भरपूर ठेवायची. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंग भरलं तर शिवण उसवायची आणि तेच कापड मोकळं करायचं. डिंपल म्हणायची, "माया असली ना काकू, त रडायचं काम नाई. अंग बदलते, कापड बी बदलून घेऊ."

स्वतः शिवलेला पिवळाधमक कुर्ता घालून तिनं एकदा मोबाईलच्या स्टेटसला फोटो ठेवला. चिमूरच्या प्रवीणनं तो आपल्या एका बहिणीच्या मोबाईलवर पाहिला आणि त्याला ती आवडली. नीट लक्षात ठेवा, त्यानं पूर्ण फोटो पाहिला होता, नुसता चेहरा नाही. नंतर फोनवर तो तिला म्हणाला होता, "तू हसते तेव्हा पूर्ण हसते." डिंपलनं हे वाक्य धाकट्या बहिणीला, भाग्यश्रीला, कितीदा तरी सांगितलं होतं.

पाहायला मात्र त्याचे आईवडील आले. पोहे झाले, चहा झाला. बापूजींनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, सुपारी कातरत मत दिलं, "पोरगी कामाची हाये. हातात कला हाये. फक्त लग्नाच्या फोटोत बाजूले आमचा पोरगा दिसला पायजे!" सगळे हसले. केवळरामही हसला, मुलीचा बाप होता ना.

प्रवीणची आई, कमळाबाई, स्वतः अंगानं भरलेल्या. पण सुनेला लावायचं माप सासूला लागत नसतं. त्या गोड आवाजात गोकुळाला म्हणाल्या, "आमची काई जबरदस्ती नाई, बाई. पन साक्षगंधापर्यंत जराक अंग उतरवा तिचं. आमच्याकडचे लोक तोंडावर बोलतेत. अन वजन किती हाये, ते एकदा कळवजा."

हुंडा मागितला असता तर गोकुळानं कदाचित चार लोक गोळा केले असते. हुंडा वाईट, हे तिला बचत गटात ऐकून पाठ होतं. पण मुलीच्या अंगातलं मांस मागितलं तर कोणाकडे जायचं, हे तिला कुठल्याच सभेत कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते मागणं वाटलंच नाही. तिला तो सल्ला वाटला.

त्या रात्री प्रवीणचा फोन आला. "थोडंसं कमी कर ना. मले काई प्रॉब्लेम नाई, पन घरचे म्हनतेत. माह्यासाठी कर." माझ्यासाठी म्हटल्यावर डिंपलचा निरुपाय झाला.

दुसऱ्या दिवशीपासून काटा सुरू झाला. आठवडी बाजारातल्या एका बाईकडून गोकुळानं चूर्णाचा डबा आणला. ते घेतलं की डिंपल दिवसभर परसात ये-जा करायची. "मळ निघून राह्यला," गोकुळा समाधानानं शेजारणीला सांगायची. ताटात भाताऐवजी काकडी आली. घरात झिंग्यांचं कालवण शिजायचं आणि डिंपलला मशीनसकट पडवीत बसवलं जायचं, वासानं भूक चाळवू नये म्हणून.

भाग्यश्री सडपातळ होती. तिनं दोनदा ताट झाकून बहिणीला भात नेऊन दिला. तिसऱ्यांदा डिंपलनंच परत केला. "नेजो व. उद्या काट्यावर दिसते ते."

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, ब्लाऊजचं कापड आलं तेव्हा डिंपलनं ते हौसेनं मशीनवर घेतलं. गोकुळानं तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू नको शिवू."

"काऊन? साऱ्या गावाचे ब्लाऊज मीच शिवतो, अन माहाच नाई?"

"तू माया ठेवशीन. माया ठेवली का माणूस ढिला पडते. जागा हाये म्हनलं का अंग पसरते."

"आई, अंग काय पाहुना हाये का, जागा पाहून बसाले?"

"मी काय वैरीन हाव तुही?" गोकुळाचे डोळे भरले. "दोन ठिकानी नकार झाला. आता हे घर हातचं गेलं त लोक मलेच शेन घालतीन तोंडात."

ती खरंच वैरीण नव्हती. वैरीण असती तर डिंपलनं तिचं ऐकलं नसतं. गोकुळा कापड घेऊन तालुक्याला गेली आणि टेलरला सांगून आली, "आताच्या मापापेक्षा कमीच बेत. अन माया नको ठेवू." टेलरनं एकदा विचारलं, "बिलकुलच नाई?" ती म्हणाली, "बिलकुल नाई." आईच्या तोंडचे हे शब्द होते आणि तिला त्यात काहीच खटकलं नाही.

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. केवळरामनं काटा उचलून गोठ्यात ठेवला, पाहुण्यांना मासोळीचा वास येऊ नये म्हणून. आत भाग्यश्री आणि दोन चुलत बहिणी मिळून डिंपलचे हूक लावत होत्या. एकीनं दोन्ही बाजू ओढून धरायच्या, दुसरीनं लावायचे. डिंपलचा चेहरा पांढुरका पडला होता. आदल्या दिवसापासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि सकाळी पुन्हा चूर्ण.

"श्वास घेता येते का, ताई?" भाग्यश्रीनं विचारलं.

"अर्धा येते. तेवढ्यानं होऊन जाते."

ती बाहेर आली तेव्हा बायका कुजबुजल्या, बरीच उतरली म्हणून. गोकुळाचा ऊर भरून आला. कमळाबाईंनी ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं आणि हसून म्हणाल्या, "आता लग्नापर्यंत अजून एवढंच." डिंपलनं मान वर करून प्रवीणकडे पाहिलं. त्यानं ते ऐकलं होतं. तो कार्पेटवरच्या अक्षता बोटानं गोळा करत राहिला.

मग ती सासूच्या पाया पडायला वाकली आणि तशीच पुढे गेली. पहिल्यांदा लोकांना वाटलं, पाया पडते आहे. कोणी तरी म्हणालंही, "झालं व बाई, उठ आता." ती उठली नाही. ओटीतले तांदूळ सगळीकडे सांडले होते.

दवाखान्यात नेईपर्यंत तिची बोटं वाकडी झाली होती. नर्सनं ब्लाऊजचे हूक सोडवून पाहिले, ते सुटेनात. तिनं सरळ कात्री घातली. "कोनं शिवला हा? माणसाले घालाले शिवला का बांधाले?" ती करवादली. डॉक्टर म्हणाले, जुलाबांनी अंगातलं पाणी-मीठ सगळं गेलं आहे, हृदयावर आलं आहे. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. सलाईन लागलं. संध्याकाळी डिंपलनं डोळे उघडले.

बापूजी दवाखान्यात आले. पेशंटची विचारपूस करायची ती त्यांनी दारातूनच उरकली आणि केवळरामला बाकावर बसवून घेतलं. प्रवीण व्हरांड्याच्या टोकाला मोबाईल पाहत उभा होता.

"केवळरामभाऊ, झालं ते झालं. आता हे पोरगी त बिमार निघाली. पन आमी सामान घेऊन आलो, पाहुने आले, मोकळ्या हातानं वापस जानं बरं दिसत नाई. तुमची धाकटी हाये ना. तिचं अंग बराबर हाये. त्याच साडीत बसवून टाका."

"पन पोरगा..." केवळराम चाचरला.

"त्याले काय विचारता? आमी म्हनतो ते ऐकते तो."

आतमध्ये, उघड्या दाराशीच, डिंपलचा पलंग होता. तिनं डोळे मिटून घेतले. भाग्यश्रीनं पलंगाची दांडी घट्ट धरली. केवळरामनं एकदा लेकीकडे, एकदा बापूजींकडे पाहिलं आणि त्याची मान हलायला लागली. सवयच ती. समोरच्याचं मन भरलं पाहिजे, वरून एक मासोळी टाकली पाहिजे.

गोकुळा स्टुलावर बसली होती. मांडीवर कापलेला ब्लाऊज होता. कापड हातात आलं की बायकांची बोटं आपोआप शिवणीच्या आत जातात, माया किती आहे ते पाहायला. गोकुळाची बोटं गेली. एका बाजूला काही नव्हतं, दुसऱ्या बाजूलाही काही नव्हतं. टेलरनं सांगितलं तसंच केलं होतं. शिवण जिथे अंगाला काचली होती तिथे कापडावर लेकीच्या रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

ती उठून बाहेर आली.

"बापूजीभाऊ, मासोळी घ्याले आले का तुमी? एक नाई पसंत पडली त टोपलीतली दुसरी उचलता?"

बापूजी चपापले, पण क्षणभरच. "बाई, बोलताना जराक पाहून बोला. तुमीच रोज काट्यावर तोलत होत्या तिले. साऱ्या गावाले ठाऊक हाये."

त्यांचं चुकलं नव्हतं. गोकुळाला खोटं बोलायला जागाच नव्हती.

"हो. मीच तोलली," ती म्हणाली. "माय होऊन तोलली. म्हूनच आता सांगतो, माह्या घरची पोरगी यापुढे तोलून भेटत नाई. मोठी बी नाई, धाकटी बी नाई. तुमचं सामान उचला."

सामान गेलं. जाताना प्रवीणनं दाराशी घुटमळून "काळजी घे" असं काहीसं म्हटलं. डिंपलनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

गावात पुढे बरीच चर्चा झाली. जाडीच्या पायी धाकटीचंही चांगलं स्थळ गेलं, असंच बहुतेकांचं मत पडलं. ज्यांनी ते मत दिलं त्यांच्या घरी मुली होत्या आणि त्या मुलींच्या ताटांकडेही कोणाचं तरी लक्ष होतं. आता टोल्यात कुठे मुलगी पाहायला पाहुणे आले की गोकुळा न बोलावता जाऊन बसते. कोणी वजन विचारलं की तिचं एकच, "काऊन, मासोळी घ्याले आले का?" दोन घरांनी तिला पुन्हा येऊ नको म्हणून सांगितलं आहे. ती तरी जाते. चूर्ण विकणाऱ्या बाईचं दुकान तिनं भर बाजारात उठवलं. ती बाई आता दुसऱ्या गावच्या बाजारात बसते.

डिंपल पुन्हा मशीनवर बसते. बायका येतात, पिवळं-गुलाबी कापड आणतात, ती माया ठेवून शिवते. तिचा स्वतःचा पिवळा कुर्ता खुंटीला लटकलेला आहे. गोकुळा तिच्या ताटात भात वाढते, वर कालवण घालते आणि समोर बसून राहते. डिंपल चार घास खाते आणि ताट सरकवते. "नाई जात व, आई," म्हणते. भाग्यश्री भरवून पाहते, केवळराम बाजारातून जिलबी आणतो. आईनं बंद केलेली भूक आई म्हणेल तेव्हा उघडत नाही.

परवा सकाळी मासोळी तोलून झाली. गोकुळा चुलीपाशी होती. अंगणात चपला काढल्याचा आवाज आला म्हणून तिनं बाहेर डोकावलं. डिंपलनं ओढणी काढून खुंटीला अडकवली होती आणि ती काट्यावर उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. केवळराम हातातलं जाळं तसंच धरून तिच्याकडे पाहत होता.

"उतर व," गोकुळा पिठाच्या हातांनी धावत आली. "उतर माय, खाली उतर."

डिंपल लाल आकडे थांबायची वाट पाहत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "अजून किती उतरू, आई?"