पुरे म्हणणारा माणूस

चित्रकारबाईंना थांबता येत नसे. कॅनव्हासवर रंग चढवायचा, पट्टीने खरवडायचा, पुन्हा चढवायचा. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. नुसते रंग एकमेकांच्या उरावर बसलेले! अशा चित्राला शेवट कुठला? तो त्यांचा नवरा आणायचा. धंद्याने शिंपी, चित्रातलं ओ की ठो कळत नसलेला. दारात उभा राहून म्हणायचा, "पुरे." की बाई ब्रश ठेवायच्या. सगळा संसार असाच गेला.

तो वारला, आणि तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक चित्राचा चिखल होत होता. थरावर थर, शेवटी एकच मळका तपकिरी. उद्या गॅलरीची गाडी येणार होती आणि द्यायला एकच धड चित्र होतं. राखाडीतून नुकता पिवळा वर आलेला. त्याच्या शेजारी थोडा निळा हवाच, असं म्हणत बाईंचा हात शिवशिवत होता. ह्या 'थोड्या'नेच आधीची चित्रं गिळली होती.

"वन्सं, इकडे या!" त्यांनी नणंदेला हाक मारली. "बघा, आणि पुरे म्हणा."

नणंद ओले हात झटकत आली. "मी? वहिनी, मला तर अंडं फुटल्यासारखं दिसतंय."

"ह्यांना तरी कुठे कळायचं? पण नजर होती."

"नजर कसली डोंबलाची! दादाला भूक लागायची. जेवायला चल म्हटलं की तू खेकसायचीस, म्हणून पुरे म्हणायचा."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे ती नावाजलेली चित्रं एका माणसाच्या पोटावर संपली होती?

"मग भूक लागल्याबरोबर का नाही बोलायचे?"

"तुझी मान खाली असली की आल्या पावली परत यायचा. मला म्हणायचा, अजून वर बघत नाहीये, झाकून ठेव ताटं."

म्हणजे चित्र झालं की मान आधी त्यांचीच वर व्हायची. तो फक्त ताटकळायचा. उपाशी, तोंडातून अवाक्षर न काढता.

पॅलेटवरचा निळा तसाच राहिला. बाईंनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, घोळवला, आणि एकाएकी त्यांना हुंदका आवरेना.  नणंदेने खुर्ची पुढे सरकवली आणि त्यांच्या हातातला ब्रश काढून स्वतः धुवायला घेतला.