शिवलिंगप्पाची तागडी

ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला, तर वैजनाथाच्या पायरीवर माझी जीभ झडू दे.

परळीच्या शिवलिंगप्पा वाण्याच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा नव्यानंच लटकल्या हुत्या, तवाची गोष्ट. त्याचा ल्योक योगीराज एड्सनं गेला. सून कावेरी पोटुशी, अन् तिच्याबी रक्तात त्योच रोग निघाला. लेकराला लागू नये म्हणून पुण्याच्या डॉक्टरनं तिला शेवटच्या महिन्यात गोळ्या दिल्या. लेकरू झाल्यावर त्यालाबी सहा आठवडे पातळ औषध पाजायचं हुतं.

लेकरानं घाई केली. दुकानाच्या मागल्या खोलीतच पोरगी झाली. शिवलिंगप्पानं तिला धडुत्यात गुंडाळून तागडीत ठिवली. दुसऱ्या पारड्यात तीन किलोची मापं. काटा मधोमध!

"पुरी तीन किलो!" गल्लीभर सांगून आला.

तीन आठवड्यांनी तो, बायको महानंदा अन् कावेरी पोरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पोरीची पापणी ओढून बघितली.

"पांढरी पडलीय. या औषधानं रक्त कमी होतं. औषध संपलं की भरून येतं, घाबरू नका." मग काट्यावर ठिवली. "दोन किलो साडेनऊशे. जन्मली तेव्हा किती होती?"

"तीन," शिवलिंगप्पा म्हणाला.

"म्हणजे उतरली? आतापर्यंत चांगली चढायला पाहिजे होती. आजोबा, औषध सोसत नाही तिला. बंद करावं लागेल."

"अन् रोग लागला तर?"

डॉक्टरीणबाईंनी बाटलीसाठी हात पुढं केला. कावेरीनं औषधाची बाटली पदराखाली धरली.

शिवलिंगप्पानं मागं बघितलं. रांगेत छबुबाई हुती, त्याचं बारा वर्सांचं गिऱ्हाईक. त्यानं टोपी काढली.

"बाई, पोरगी तीन किलो नव्हती. अडीच, अन् वर पन्नास ग्राम."

"तुम्हीच तीन म्हणालात ना?"

"ते दुकानाच्या मापानं. मापाच्या बुडातलं शिसं काढल्यालं हाय. किलोमागं दीडशे ग्राम."

"कावून, आप्पा?" छबुबाईनं मागून इचारलं.

"दुकान हाय, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडे मांडले. "म्हणजे पोर चारशे ग्रामनं वाढलीय!"

"वाढंल न्हाई तर काय," छबुबाई म्हणाली, "आमच्या साखरंवर वाढली ती."

औषध चालू राह्यलं. दीड वर्सानं तपासलं, तर पोरीच्या रक्तात रोगाचं नाव न्हाई, अन् गालबी लालबुंद. मापं मातर छबुबाईनं उभं राहून बदलून घेतली.

आता एक मी पदरचं घातलंय, ते सांगते. शिवलिंगप्पा बोललाच न्हाई. समदं महानंदा बोलली. त्यो आपल्या चपलांकडं बघत उभा हुता. पर म्हातारा अजून गल्ल्यावर बसतो, अन् मला रोज त्याच्याच दारावरनं जावं लागतं.