आंधळगावचा जबडा

पवनीत टेकचंद निपाणे यांचं साड्यांचं दुकान होतं आणि घरी मागच्या पडवीत दोन हातमाग. बायको विजयमाला आंधळगावची, तीही विणकराच्याच घरातली. संसार सुखाचा होता. वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवर, मुलगी कीर्ती कोणावर गेली. मार्क चांगले पडले की ती पवनीवर जायची, उलट उत्तर दिलं की आंधळगाववर.

दहावीत गेलेली कीर्ती हसताना ओठ मिटून घेते, हे विजयमालेच्या लक्षात आलं. पुढचे दात जरा वाकडे होते. टेकचंद तिला भंडाऱ्याला डॉ. भूपेंद्र यांच्याकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिच्या तोंडात गुलाबी लगद्याचा साचा बसवला. कीर्तीला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं. टेकचंद तेवढ्या वेळात बाहेर जाऊन रस्त्यावरच्या पाट्या वाचून आले.

"या मापावरून प्लास्टरचे दात तयार होतील," डॉक्टर म्हणाले. "तोंडात जीभ आडवी येते, गाल आडवे येतात. मॉडेल हातात घेतलं की मागून, खालून, सगळीकडून बघता येतं. दातांना जागा किती कमी पडते ते मोजायचं आणि मग ठरवायचं. एक जोड तुम्हालाही देतो. घरच्यांनी आधी पाहिलं म्हणजे पुढे वाद होत नाहीत."

मॉडेल आणायला टेकचंद गेले त्या दिवशी डॉक्टर नागपूरला गेले होते. काउंटरवरची मंजुषा दोन डबे उघडून धूळ पुसत होती. तिनं डब्यांना झाकणं लावली आणि झाकणावर कीर्तीचं नाव असलेला डबा टेकचंदच्या हाती दिला.

संध्याकाळी घरी सगळ्यांनी डबा उघडून पाहिला. वरचे दोन दात छपरासारखे पुढे आलेले. एक सुळा थेट वरच्या मजल्यावर चढलेला. खालच्या दातांची तर बसच्या दारात व्हावी तशी दाटी.

"अवो, हा तर सरळ आंधळगावचा जबडा आहे," टेकचंद म्हणाले. "तुह्या कुंदनचा."

"माह्या भावाचा? आधी तुमच्या बापूजीचा फोटो पाहा. ओठ मिटूनच नाही राहिले."

"ते हसून राहिले फोटोत."

"मयताच्या घरी काढला तो फोटो. तिथं काहून हसतीन?"

"बाबा, हे माहे दात नाहीत," कीर्ती म्हणाली.

"आपले दात आपल्याले कुठं दिसतात, बेटा?"

"आरशात दिसतात ना."

"आरसा उलटं दाखवते," टेकचंद म्हणाले आणि पुन्हा सासुरवाडीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी डबा दुकानात गेला. साडी घ्यायला आलेल्या सुलोचनाबाईंनी जबडा उलटासुलटा करून पाहिला, "लग्नाच्या आत सरळ करून घ्या" असं सांगितलं आणि साडीचे काठ पाहायला लागल्या.

रविवारी कुंदनला जेवायला बोलावलं. का, ते त्याला सांगितलं नव्हतं. हात धुऊन तो सुपारी शोधत होता, तर टेकचंद टॉर्च घेऊन समोर उभे.

"आ कर."

"मले काहून, भाऊजी?"

"कर तर!"

कुंदनचाही एक सुळा वर चढलेला निघाला. टेकचंदचा चेहरा खुलला.

"कुंदनचा डावीकडं आहे," विजयमाला म्हणाली. "हा उजवीकडं."

"बाजू बदलली असन. घराणं नाही बदलत."

कीर्तीनं परातीतला एक पेरू उचलला, कचकन चावा घेतला आणि तो प्लास्टरच्या दातांशेजारी आणून ठेवला. "जुळवा आता."

पेरूवरची ओळ जवळजवळ सरळ होती. टेकचंदनं पेरू फिरवून पाहिला. "हा पिकलेला आहे. पिकल्या पेरूत कोणाचेही दात सरळ येतात." टॉर्च हातातच होता, पण तो कीर्तीच्या तोंडाकडे वळवायचं कोणालाही सुचलं नाही.

पुढच्या तारखेला सगळे भंडाऱ्याला गेले. पुरावा म्हणून कुंदनही. दवाखान्यात लिलाधर नावाचा एक माणूस बसला होता. त्याचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. आता तो पुनर्वसनातल्या घरात राहायचा आणि त्याच पाण्यात जाळं टाकायचा. त्याच्या मांडीवर तसाच डबा होता. शेजारी त्याची मुलगी रंजू तोंडावर ओढणी घेऊन मुसमुसत होती.

"पाहा ना भाऊ, पोरीचे दात किती बेस निघाले," लिलाधर टेकचंदला म्हणाला. "मी म्हणलं, मग तार कायले लावाची? तर रडून राहिली."

"ते माहे दात नोहोत!" रंजू ओढणीतून म्हणाली. "मले भाकर तोडता येत नाही समोरून."

डॉक्टरांनी सगळ्यांना एकदमच आत घेतलं. दोन्ही डबे उघडले, रंजूच्या तोंडात पाहिलं, कीर्तीच्या तोंडात पाहिलं आणि मंजुषाला हाक मारली. "मंजुषाताई, झाकणं बदलली का हो?"

मंजुषानं कपाळाला हात लावला.

पण टेकचंद ऐकेनात. "डॉक्टर साहेब, चुकून राहिले तुम्ही. हे दात आमच्याच घराण्यातले आहेत. साक्षीदार आणला आहे."

लिलाधर उभा राहिला. "माह्या पोरीचे दात तुमच्या घराण्यातले कसे गा?"

विजयमाला नवऱ्याकडे वळली. "हो, सांगा ना."

डॉक्टरांनी घाईघाईनं मेणाची पट्टी गरम केली आणि कीर्तीला चावायला दिली. तिच्या चाव्याचे ठसे लिलाधरच्या डब्यातल्या दातांवर चपखल बसले. रंजूचे टेकचंदकडच्या दातांवर बसले.

"म्हणजे मले तार लागन?" रंजूनं विचारलं.

"लागेल. जागा करायला वरचे दोन दातही काढावे लागतील."

रंजूनं ओढणी बाजूला केली आणि तोंडभरून हसली. लिलाधर मात्र खाली पाहायला लागला. "तू सांगत होती बेटा. म्याच नाही आयकलं."

टेकचंदनं हळूच कीर्तीकडे पाहिलं. "पेरू बरोबर होता तुहा," ते म्हणाले.

"आणि हे कोण?" डॉक्टरांनी कुंदनकडे बोट केलं. आलाच आहे तर पाहू, म्हणून त्यांनी त्याच्याही तोंडात आरसा घातला. एक दाढ पार किडलेली. कुंदनला अचानक बसची वेळ आठवली. तेव्हा एका हाताला टेकचंदनं धरलं, दुसऱ्याला विजयमालेनं, आणि दोघांनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं.

मुली बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. आतून कुंदनचा आवाज येत होता, "मी फक्त दाखवाले आलो होतो!"

"माह्या बाबानं तुहे दात देवाजवळ ठेवले होते," रंजू म्हणाली. "रोज उदबत्ती लावे."

"खरंच?"

"हो. आणि माहे कुठं होते?"

"दुकानात," कीर्ती म्हणाली. "साड्यांच्या गठ्ठ्यावर."

दोघी इतक्या हसल्या की मंजुषानं आतून डोकावून पाहिलं. ओठ मिटून घ्यायचं दोघींनाही आठवलं नाही.