नियमांखालची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझे पाय झिजले आहेत, जाळी मध्ये खचली आहे आणि कुणी कुशीवर वळले की मी कण्हते. सैन्याच्या कारखान्यात जखमी शिपायांसाठी मला घडवले होते. पण मी तयार होईपर्यंत युद्ध संपले आणि मी एका कोठारात इतर खाटांच्या चळतीत कितीतरी वर्षे धूळ खात पडले. शेवटी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या डोंगरातल्या मॅडर्स फोर्क गावच्या चर्चने आम्हाला मागून नेले. चर्चच्या तळघरात बेघरांसाठी निवारा होता. माझी खरी नोकरी तिथे सुरू झाली.

निवारा लोर्ना प्रुएट चालवत असे. सारे तिला मिस लोर्ना म्हणत. उंच, करड्या केसांची, कायम घाईत असलेली बाई. आलेल्या माणसाला ती आधी गरम बीन्स आणि मक्याचा पाव वाढायची, मग बाकीच्या चौकशा करायची. "खाट मजबूत आहे, फक्त बोलते फार," असे ती माझ्याबद्दल सांगायची. एवढेच काय ते माझे कौतुक झाले, पण मला ते पुरले.

नदीला मोठा पूर आला त्या वर्षी, थंडी सुरू होताना, डेल्बर्ट कटलिप माझ्यावर झोपायला आला. त्याचे सारे आयुष्य कोळशाच्या खाणीत गेले होते. बायको वारली होती. वर दरीत त्याचे स्वतःचे घर होते. भिंती धड होत्या, पण वादळात छप्पर उडाले होते. ते छप्पर घालून दिले असते तर तो दुसऱ्याच दिवशी घरी गेला असता. अडचण अशी होती की निवाऱ्याला पैसा वॉशिंग्टनहून, केंद्र सरकारकडून येई, आणि तिथल्या नियमाप्रमाणे बेघराला फक्त भाड्याचे घर घेऊन देता येत असे. दुरुस्तीला पैसा नाही. आणि आमच्या गावात भाड्याने द्यायला घरेच नव्हती!

"मिस लोर्ना, घर आहे हो मला. फक्त त्याच्या डोक्यावर टोपी नाही," डेल्बर्ट म्हणायचा.

"टोपीला पैसे नाहीत, डेल्बर्ट. भाड्याला आहेत."

"मग मी माझं घर मलाच भाड्यानं देतो. घरमालक जरा खडूस आहे, पण ओळखीतला आहे!"

सगळे हसायचे. मग दिवे मालवले की तो उताणा पडून छताकडे बघत राहायचा, आणि मला त्याच्या पाठीचा ताठपणा कळायचा.

लोर्ना राज्याच्या राजधानीत खेटे घालत राहिली. तिथली माणसे वाईट नव्हती. ती तिला कॉफी द्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, "बाई, आमच्या हातात असतं तर कधीच दिलं असतं. आमचेच हात वरून बांधलेत." ती परत येऊन माझ्या काठावर बसायची आणि बूट काढायचेही तिला सुचायचे नाही. हिवाळे असेच गेले.

पडद्यापलीकडे बायकांच्या खाटा होत्या. तिथे नादीन स्कॅग्ज आली. तिशीतली, सडपातळ, सतत खोकणारी. नदीपलीकडच्या जिल्ह्यात ती एका मोटेलात साफसफाई करायची, तिथेच राहायची. मोटेल बंद पडले तसे काम आणि खोली दोन्ही गेली. दिवसा ती डेल्बर्टशी पत्ते खेळायची.

"म्हाताऱ्या, पत्ता टाक की! तेवढ्यात तुझं छप्पर आपोआप उगवेल."

"जिभेला हाड नाही पोरीच्या," तो म्हणायचा. पण ती उठून गेली की तिच्यासाठी आपल्या वाटचा पाव झाकून ठेवायचा.

आणि एके दिवशी लोर्ना जिना धावतच उतरली. वॉशिंग्टनने नियम सैल केले होते. आता पैसा कसा वापरायचा हे राज्याने आणि जिल्ह्यानेच ठरवायचे होते. लोर्नाने केक केला. डेल्बर्टने विचारले, "म्हणजे टोपी?" ती म्हणाली, "टोपी!" म्हातारा माझ्यावर बसून चक्क रडला.

जिल्हा मंडळाची बैठक वर चर्चच्या सभागृहात भरली. तळघराचे छत म्हणजे त्यांची जमीन. एकेक शब्द खाली ऐकू येत होता. अध्यक्ष रोस्को टॅकेट म्हणाला, "घरं दुरुस्त करू. पण पैसा आपल्या जिल्ह्याचा, तर माणसंही आपल्याच जिल्ह्याची. आणि लोक आपापल्या घरी गेल्यावर खाली एवढ्या खाटा कशाला? निम्म्या काढा."

"रोस्को, नदी केवढीशी आहे! पलीकडच्यांना थंडी कमी वाजते का?"

"लोर्ना, मोकळीक तूच मागत होतीस. हीच ती मोकळीक."

वर ठराव मंजूर झाला. खाली नादीन आपल्या मोज्यांच्या घड्या घालत होती.

ती निवारा सोडून गेली. पलीकडच्या जिल्ह्यालाही तीच मोकळीक मिळाली होती. त्यांनी निवारा ठेवलाच नाही. बेघरांना दुसऱ्या शहराचे बसचे तिकीट काढून द्यायला सुरुवात केली. नादीनने तिकीट घेतले नाही. तिची जुनी गाडी होती, तिच्यातच ती झोपू लागली. जाताना डेल्बर्टला म्हणाली, "जा, नव्या छपराखाली घोरत पड. मला जळव." त्याला हसता आले नाही.

त्याचे छप्पर झाले. खोटे कशाला बोलू, छान झाले. आणि त्याच आठवड्यात निम्म्या खाटांसह मला बाहेर, चर्चच्या मागच्या भिंतीशी उभे केले. गारठ्यात, बर्फाळ पावसात मी गंजत राहिले. इतकी वर्षे भार वाहिला, पण कुणी साधी ताडपत्रीही टाकली नाही.

डेल्बर्ट एका दुपारी लोर्नाला सरपण द्यायला आला, तेव्हा त्याने मला पाहिले.

"ही मी नेतो."

"ने बाबा. पण कण्हते हं ती."

"मीही कण्हतो. जमेल आमचं."

त्याने मला घासले, तेल दिले, मागच्या लहान खोलीत मांडले, वर रजई अंथरली. पण तो माझ्यावर झोपला नाही. गाडी काढली आणि पूल ओलांडून गेला. नादीन त्याला कपडे धुण्याच्या दुकानामागे, गाडीच्या मागच्या सीटवर, तापाने फणफणलेली सापडली.

ती दारात थबकली. "नियम काय आहेत तुझ्या घरचे?"

"चिखलाचे बूट बाहेर काढायचे."

"आणि जिल्ह्याचं काय?"

"जिल्ह्याला कुणी विचारलंय? आत ये, वारा येतोय."

ती माझ्यावर आडवी झाली आणि दुसरी सकाळ उलटून गेली तरी उठली नाही. डेल्बर्ट मधूनमधून दाराशी येऊन तिचा श्वास ऐकून जायचा. आता तिचा ताप उतरला आहे, खोकला आहेच. ती इथे किती दिवस राहील, मला माहीत नाही. लोर्नाच्या दारातून मात्र अजूनही माणसे परत जातात, आणि ज्यांच्यासाठी दरीत कुणी डेल्बर्ट नाही, ती कुठे जातात हे मला कुणी सांगत नाही.

मित्रांनो, मी फार थकले आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या नियम करणारे व्हाल. नियम दूरच्या राजधानीत झाला काय किंवा डोक्यावरच्या सभागृहात झाला काय, उघड्यावर झोपणाऱ्याला थंडी सारखीच बोचते. म्हणून खाटा काढण्याआधी एकदा जिना उतरून खाली या. एखाद्या खाटेच्या काठावर टेका आणि तिथल्या माणसाला एवढेच विचारा, "इथून तुम्ही कुठे जाणार?" उत्तर मिळेपर्यंत उठू नका.