खांद्यावरचे चार डाग

तपासणीच्या खाटेवर बसलेल्या पिसिलाच्या उजव्या खांद्यावर चार डाग होते. लांबट, पिवळसर, बोटांइतक्या अंतरावर. नर्स मेलेनाइतेने ते पट्टीने मोजले आणि वहीत लिहिले. वय सहा. ताप नाही, सूज नाही, हाड जागेवर. दुसऱ्याने उचलला तर हात पूर्ण वर जात होता. स्वतःहून मात्र तो खांद्यापर्यंतही पोचत नव्हता.

"कुणी ओढलं का गं हाताला?"

"कुणी कशाला ओढेल?" उत्तर आत्याने, लोसालिनेने दिले. पिसिला दोन वर्षे तिच्याच घरी वाढत होती.

"मी तिला विचारलं."

"ती सहा वर्षांची, मी बावन्न. मला विचारा."

पिसिलाची आई लूपे दाराशी चटईवर खाली मान घालून बसली होती. नवऱ्याच्या बहिणीसमोर तोंड उघडण्याची रीत हाआपाईच्या कुठल्याच बेटावर नाही. मेलेनाइतेला हे ठाऊक होते. तरीही ते मौन तिला आज भीतीसारखे दिसले.

"दुखणं आमच्या बाबांकडून आलंय," आत्याने निदान सांगून टाकले. "थडग्याशेजारी सुरूचं झाड वाढलंय. मूळ त्यांच्या हाडात शिरलं असणार, तेच हिला भोवतंय. शनिवारी उकरतोय."

त्या गेल्यावर मेलेनाइतेने बालसंरक्षणाचा अर्ज काढला. 'संशयित इजा: हाताने' इथवर भरला आणि थांबली. सोमवारच्या बोटीने हा कागद गेला की पिसिलाला आत्याच्या घरातून आधी हलवणार, चौकशी मागाहून. संशय खोटा असेल तर पोर नाहक परक्या घरी. खरा असेल आणि कागद गेला नाही, तर पुढचे डाग मेलेनाइतेच्या माथी. शनिवारी ती दफनभूमीत गेली. तिला आजोबांची हाडे नव्हे, आत्याचे हात पाहायचे होते.

लोसालिनेच्या भाच्याने, केफूने, वाळू उपसली; लूपे आणि पिसिला कडेला उभ्या होत्या. अंगठ्याएवढे जाड मूळ फासळ्यांतून आरपार गेलेले निघाले.

"बघा!" लोसालिने ओरडली.

"डाव्या बाजूला आहे," मेलेनाइते म्हणाली.

"बाबा डावखुरे होते."

केफूने हसू लपवायला खड्ड्यात मान घातली.

आत्याने खांद्याचे हाड कापडावर घेतले आणि खोबरेल लावून चोळू लागली. अंगठा मागे, चार बोटे पुढे, सगळा भार बोटांवर. मेलेनाइतेने त्या बोटांमधले अंतर नजरेने मोजले.

"पिसिलाचा खांदा असाच चोळता?"

"मग कसा? आधी सर्दी झाली. ती गेली आणि पाचव्या दिवशी पोर खांदा धरून किंचाळायला लागली. रोज चोळत होते."

"वन्सं पंधरा दिवस धड झोपल्या नाहीत," लूपे हळूच म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिले, तशी तिने मान खाली घातली.

"कळ थांबली कधी?"

"बुधवारी. आणि तेव्हापासूनच हात गळाला."

"म्हणजे थडगं उकरायच्या तीन दिवस आधी."

"उकरायचं ठरलं बुधवारीच. बाबांना तेवढं पुरतं."

मेलेनाइतेने पिसिलाला कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून ढकलायला लावले. डाव्या खांद्याचे पाते जागचे हलले नाही. उजवे पंखासारखे पाठीबाहेर आले. चोळण्याने डाग पडतात, पाते असे सुटत नाही. आधी सर्दी, मग असह्य कळ, कळ ओसरता ओसरता लुळा हात: खांद्याच्या नसांना सूज. मुलांत विरळा, पण पुस्तकातला क्रम हाच. बाकी चाचण्या डॉक्टरांच्या हाती.

सोमवारी धक्क्यावर तिने आत्याच्या हाती अर्जाऐवजी डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी ठेवली. अर्ज तिने फाडला होता.

"डॉक्टर सांगेपर्यंत खांद्याला हात लावायचा नाही, आत्या."

त्या घरात लोसालिनेला आजवर कुणी हुकूम दिला नव्हता. तिचे तोंड उघडले, तेवढ्यात पिसिला म्हणाली, "आत्या खूप जोरात दाबते."

"मग सांगितलं का नाहीस, गधडे?"

"तू रडत होतीस ना."

लोसालिने तिला घेऊन बोटीत चढली. फळीवर पिसिलाला खेटून बसली, आणि बोट सुटेपर्यंत तिने आपले दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते.